सांगलीत नवं घर: आईबाबांची खोली तळमजल्यावर, की खाली पार्किंग सोडून सगळेच वर?

तीन_गुंठे
शामरावनगरच्या बाजूला तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे. २०१९ ला गल्लीत शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत पाणी होतं. घरात सहा माणसं: आईबाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. आर्किटेक्टनी प्लॅन दिलाय तो असा: खाली अख्खं पार्किंग, पहिल्या मजल्यावर हॉल, किचन, देवघर आणि आईबाबांची खोली, वर आमच्या खोल्या. बाबांनी कागद उलटसुलट बघितला आणि एवढंच विचारलं, "मग मी पेपर आणायला खाली यायचं का नाही?"

माझं स्पष्ट मत तळमजल्याच्या बाजूनं आहे. कृष्णेचा पूर चोरपावलांनी येत नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की अख्ख्या गावाला कळतं, धोक्याची पातळी ४५. तेवढ्यात आईबाबांना विश्रामबागला बहिणीकडं पोचवता येतं. पूर काही वर्षांनी एकदा, जिना मात्र रोज. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पुराच्या भीतीनं बारा महिने वर कोंडायचं, हे मला पटत नाही. तुम्ही काय केलंत?

गावभागवाला
२००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर बघितलेत, त्यामुळं तुमचं "बहिणीकडं पोचवता येतं" वाचून हसू आलं. माणसं पोचतात हो. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, दिवाण, फ्रिज कुणाकडं पोचवणार? २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि दोन तासांत ओसरलं नाही, दिवसच्या दिवस बसलं. प्लाय आणि एमडीएफ फुगून त्याची पानं सुटतात. पीओपी गळून पडतं. शौचालयाच्या भांड्यातून गटाराचं पाणी उलटं वर येतं, ते तर कुठल्याच प्लॅनमध्ये दाखवत नाहीत. नंतर गाळ काढा, आणि भिंती वाळल्या असं वाटून रंग दिलात की पुढच्या पावसाळ्यात लोणा फुटतो. पार्किंगच करा. लिफ्टची जागा आत्ताच सोडा, लिफ्ट सवडीनं बसवा.

मिरज_सिव्हिल
दोघांनीही एक गोष्ट विचारलीच नाही: प्लॉट पूररेषेत कुठं येतो? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नव्या घराला साधारणपणे परवानगी नाही. दोन्हींच्या मध्ये मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंमी वर लागतं. आधी महापालिकेतून ते काढा. जोतं तेवढं वर न्यावं लागलं तर तुमचा तळमजला आपोआपच अर्धा जिना चढून जातो, मग भांडण कशासाठी?

आता पार्किंगवाल्यांसाठी. खाली नुसते खांब आणि वर विटांच्या भिंतींचं वजन, अशी इमारत भूकंपात खालच्या मजल्यालाच मोडते. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादला अशा पार्किंगच्या इमारती बसल्या. आणि आपल्याला कोयना काही लांब नाही. नऊ इंची खांब उभे करून "चालतंय की" म्हणणारा ठेकेदार असेल तर त्याला नमस्कार करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं जा. शिवाय काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया त्या थराच्या खाली, मुरमापर्यंत न्या. खोल्यांच्या आतली काळी माती काढून तिथं मुरूम थराथरानं दाबून भरला नाही तर दोन वर्षांत महागडी फरशी पोकळ वाजायला लागते.

हरिपूर_रोडची_सून
सगळे पुरुष बोलताय म्हणून मध्ये पडते. आम्ही वर राहतो, खाली पार्किंग. पुराच्या वेळी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सिलिंडर, दळण, ओला कचरा, इस्त्रीचे कपडे, प्रत्येक गोष्टीला जिना. सासूबाई पूर्वी दारात बसायच्या, येणारा-जाणारा "काय चाललंय आक्का" म्हणून थांबायचा, शेंगा निवडता निवडता सगळ्या गल्लीची खबर असायची. वर आल्यावर चौकशा बंद, टीव्ही सुरू. लिफ्टची जागा सोडलीय, त्यात सध्या सायकली आणि गव्हाची कोठी आहे. "सवडीनं लिफ्ट" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खालीच राहणार असाल तर पाणी येणारच असं धरून काम करा. तीन_गुंठे, हे बायकोलाही वाचायला द्या:

ओट्याखाली प्लायच्या ट्रॉल्या नकोत. उभ्या कडप्प्याच्या पट्ट्या, त्यावर स्टीलच्या जाळ्या, दारं ॲल्युमिनियमची आणि बिजागरीतून उचलून काढता येतील अशी. खालच्या दारांच्या चौकटी ग्रॅनाइटच्या. सागवान वरच्या मजल्यावर मिरवा. भिंतीला खिडकीच्या उंचीपर्यंत पीओपी आणि पुट्टी नको, साधा सिमेंटचा गिलावा. स्विचबोर्ड आणि मीटर छातीच्या वर, खालच्या मजल्याची वायरिंग वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचवर. सेप्टिक टँककडं जाणाऱ्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. आईबाबांच्या बाथरूमला मॅट फरशी, आधाराची दांडी आणि तीन फुटी दार. चकचकीत व्हिट्रिफाइड हॉलमध्ये छान दिसते, ओल्या पायाला नाही.

कुपवाडकर
प्लॉट विका आणि इकडं या. एवढ्या चर्चेत पाया निघाला असता.

तीन_गुंठे
कुपवाडकर, त्या भावात तुमच्याकडं दीड गुंठाही येत नाही, चौकशी करून झालीय.

गावभागवाले, तुमचा ट्रॉल्यांचा मुद्दा ताईंनी निकालात काढला असं मला वाटतं. भिजून नासेल असं सामान खाली ठेवायचंच नाही. आणि भराव टाकून जोतं रस्त्यापेक्षा चार-पाच फूट उचललं, तर साधं तुंबलेलं पाणी तर आत येणारच नाही.

गल्लीचा_शेवट
थांबा. हा भराव आमच्या मुळावर येतो. माझं घर जुनं, जोतं दीड फुटाचं. शेजारच्या दोन्ही प्लॉटवाल्यांनी भराव टाकून घरं उचलली आणि मधलं माझं अंगण आता तळं. पूर्वी पाणी ओढ्याकडं वाहून जायचं, आता जोराचा पाऊस झाला तरी आम्ही पंप लावतो. तुमच्या आईबाबांचे गुडघे वाचावेत, पण माझ्याही घरात म्हातारी आई आहे. या बाबतीत पार्किंगवाला बरा, खांबांमधून पाणी जातं तरी.

मिरज_सिव्हिल
मुद्दा बरोबर आहे. अख्ख्या प्लॉटवर भराव न टाकता जोतं फक्त घरापुरतं उचला, बाजूच्या मोकळ्या जागा आहे त्या पातळीला ठेवा आणि पावसाच्या पाण्याला उतार द्या. पाच फूट चढायला सहा इंची दहा पायऱ्या लागतात. जागा असेल तर उताराचा रस्ता करा, पण एकास बाराचा उतार धरला तर तो साठ फूट लांब होतो. तीन गुंठ्यांत वळवून घ्यावा लागेल, गाडीची जागा जाईल.

गावभागवाला
म्हणजे गाडी रस्त्यावर, पायऱ्या दहा, ट्रॉल्या नाहीत, आणि शेवटी बहिणीकडं जायचंच. आमच्याकडं पायऱ्या वीस, पण पुराच्या दिवसात वरच चहा होतो. तुमच्या बाबांना एकदा आमच्या घरी घेऊन या. जिना चढून बघू देत, मधल्या टप्प्यावर बसायला कट्टा केलाय.

हरिपूर_रोडची_सून
चहा होतो, पण पाणी कुठनं आणता? नळाची मोटर खालीच असेल ना?

गावभागवाला
टाकी वर आहे. मोटरचं विचारू नका.

तीन_गुंठे
रविवारी बाबांना घेऊन येतो. पूररेषेचा नकाशा सोमवारी मागतो. तोवर, ग्रॅनाइटच्या चौकटीला सध्या रनिंग फुटाला काय दर चाललाय, कुणी घेतला असेल तर सांगा.