मदत हवी आहे : पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबताच शेजारचे टच स्विच चालू होतात, अर्थिंग वाढवूनही फरक नाही

पश्चिमवारा :
नमस्कार. डोंबिवलीत चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर माझी हौशी रेडिओची (हॅम) शॅक, म्हणजे रेडिओची खोली आहे. ४० मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) बोलू लागलो की समोरच्या घरातील टच पॅनेलवरचे दिवे आपोआप लागतात, आमच्या संगणकाच्या स्पीकरमधून घोगरा, न कळणारा आवाज येतो आणि मायक्रोफोनला ओठ टेकले तर मुंगी चावल्यासारखे होते. अर्थिंग कमी पडत असावे म्हणून इमारतीच्या मागे मीठ-कोळसा घालून नवा खड्डा करून घेतला आणि रिगच्या (रेडिओ संचाच्या) मागच्या स्क्रूपासून जाड हिरवी तार पाइपाच्या कडेने थेट खाली नेली. त्यानंतर स्पीकरमधला आवाज उलट वाढला. शेजारी हा विषय सोसायटीच्या सभेत काढणार आहेत, त्यामुळे उत्तर लवकर हवे आहे. खड्डा आणखी खोल करावा की दुसरा करून दोन्ही जोडावेत, एवढेच कृपया सांगावे. परवाना आहे आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीचे माप) उत्तम आहे, तेव्हा त्या शंका नकोत.

तारयंत्र :
अँटेना कोणती, ती कोठे बांधली आहे, किती वॉटवर बोलता आणि इतर बँडवरही हा त्रास होतो का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एसडब्ल्यूआर उत्तम असल्याने काही सिद्ध होत नाही. कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) जाळीच्या बाहेरील पृष्ठभागावरून प्रवाह परत घरात येत असला तरी मीटर निवांतपणे १.२ दाखवू शकतो. डमी लोड (शक्ती लहरी न सोडता उष्णतेत घालवणारा रोधक) असेल तर अँटेनाच्या जागी तो लावून तेवढ्याच शक्तीवर बोलून पाहावे. त्रास थांबला तर दोष अँटेनाच्या बाजूला आहे, आणि सुरूच राहिला तर रिग, पॉवर सप्लाय व त्यांच्या केबली तपासाव्या लागतील.

फेज_न्यूट्रल :
मी हॅम नाही, परंतु अनेक वर्षे वायरिंगची कामे करतो. नवा खड्डा इमारतीच्या मूळ अर्थिंगला जोडला आहे का? दोन अर्थ वेगळे ठेवले तर जवळपास वीज कोसळताच त्यांच्या पातळीत प्रचंड फरक पडतो, आणि एक अर्थ सॉकेटमधून व दुसरा मागच्या स्क्रूवर असल्यामुळे तो फरक आपल्या रिगमधूनच वाट काढतो. आयएस ३०४३ हे अर्थिंगचे भारतीय मानक एकदा तरी चाळावे.

उन्हाळी_छप्पर :
गच्चीवर सोलर इन्व्हर्टर बसल्यापासून आमच्याकडे ४० मीटरवर एस ९ इतका, म्हणजे जोरदार सिग्नलइतका, गोंगाट असतो. मेन स्विच बंद करून रिग बॅटरीवर चालवली की आपल्याच घरातील उपकरणे किती गोंगाट करतात ते कळते. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हरही बदलून पाहावेत.

पश्चिमवारा :
महोदय, मला ऐकण्यात अडचण नाही, माझ्यामुळे इतरांना अडचण आहे. तारयंत्र यांच्यासाठी : नेहमीची एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेली) अँटेना आहे, साधारण २० मीटर तार आणि ४९:१ ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी असून तेथून आरजी-५८ कोॲक्स थेट खिडकीतून आत येते. शक्ती १०० वॉट. २० मीटर बँडवर त्रास बराच कमी आहे. खड्ड्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही.

तारयंत्र :
आता खड्ड्याबद्दलच बोलतो. ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४२ मीटर आणि तिचा चतुर्थांश साडेदहा मीटर होतो. तिसऱ्या मजल्यावरील टेबलापासून खड्ड्यापर्यंतची आपली हिरवी तार जवळपास तेवढीच असणार. चतुर्थांश तरंगलांबीची तार खालच्या टोकाला कितीही चांगली अर्थ केली, तरी वरच्या टोकाला ती त्या वारंवारितेसाठी मोठा अवरोध दाखवते. रिगच्या दृष्टीने ती जमीन नव्हे, घरालगत उभी केलेली आणखी एक अँटेना आहे. १४.२ मेगाहर्ट्झला तीच तार अर्ध्या तरंगलांबीची होते आणि वरच्या टोकालाही अवरोध पुन्हा कमी दिसतो, म्हणून २० मीटरवर आपल्याला आराम वाटतो. खड्डा पाताळापर्यंत नेला तरी तारेची लांबी कमी होणार नाही.

मूळ दुखणे वर गच्चीवर आहे. एंड-फेडच्या ट्रान्सफॉर्मरला परतीच्या प्रवाहासाठी काहीतरी हवे असते. काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठी वेगळी तार) दिला नाही तर तो कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू वापरतो आणि ती बाजू थेट आपल्या टेबलापर्यंत येते. स्पीकरमधील आवाज घोगरा का, तर आपण बोलता त्या एसएसबी पद्धतीत वाहक लहर नसते आणि स्पीकरच्या ॲम्प्लिफायरमधील अर्धवाहक जोड फक्त शक्तीचे चढउतार टिपतात. एएम (वाहक लहरीसह प्रक्षेपण) असते तर आपले शब्द स्पष्ट ऐकू आले असते. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ टोकाला दोन-सव्वादोन मीटरची तार काउंटरपॉइज म्हणून द्या, त्याच्या लगेच खाली कोॲक्सवर चोक (जाळीबाहेरचा प्रवाह अडवणारे वेटोळे) बसवा आणि हिरवी तार रिगवरून काढून पाहा.

द्विध्रुव :
एंड-फेड मुळात घेऊच नये, असे मी सर्वत्र सांगत आलो आहे. गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही (मधल्या खांबावरून दोन्हीकडे उतरणारी अँटेना) उभारा, मध्यभागी १:१ करंट बालन लावा, प्रश्न संपला. माझी आजही बिनतक्रार चालू आहे.

तारयंत्र :
सोसायटीच्या गच्चीवर मधोमध खांब उभारण्याची परवानगी ज्यांना मिळते त्यांचे अभिनंदन. शिवाय आपल्याही अँटेनाला चोक लागतोच. बालन हे त्याचेच नाव आहे.

द्विध्रुव :
मान्य, पण आपण चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटवून लावायला सांगत आहात. कोॲक्सचा पहिला दोन-अडीच मीटरचा भाग काउंटरपॉइज म्हणून सोडून त्याच्या खाली चोक लावला तर वेगळी तार लागतच नाही. चोक कशाचा करावा हेही आपण सांगितलेले नाही. केबलवर चिमट्यासारखे बसणारे दोन-चार फेराइट (चुंबकीय पदार्थाचे तुकडे) लावून लोक मोकळे होतात, परंतु ७ मेगाहर्ट्झला एका फेऱ्याचा अवरोध फारच थोडा असतो. अवरोध साधारणतः फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एफटी-२४० आकाराच्या, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) आरजी-५८ चे दहा-बारा फेरे घ्यावेत. काही हजार ओहम सहज मिळतात.

तारयंत्र :
जागेबद्दल आपली पद्धतही चालते. मला वेगळी तार यासाठी बरी वाटते की प्रवाह कोठे आहे ते निश्चित राहते. टोरॉइडबद्दल दुमत नाही. तसाच दुसरा चोक कोॲक्स घरात शिरते तेथे लावावा.

जुगाडू :
हिरवी तार काढल्यावर रिगला अर्थ कमी पडला, तर सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकावेत. आमच्या जुन्या इमारतीत सगळीकडे तसेच आहे.

फेज_न्यूट्रल :
हे कृपया कोणीही करू नये. मागे कोठेतरी न्यूट्रल तुटला तर रिगच्या धातूच्या खोक्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि फ्यूजही उडत नाही. तारयंत्र यांच्यावरही माझा आक्षेप आहे. सॉकेटची तिसरी पिन खरोखर अर्थला जोडलेली आहे की नाही हे न विचारता त्यांनी हिरवी तार काढायला सांगितली.

पश्चिमवारा :
डमी लोडवर दिवे शांत राहिले आणि स्पीकरही गप्प होता. त्यानंतर काउंटरपॉइज आणि दोन्ही चोक लावले. मायक्रोफोनचा चटका गेला, स्पीकरचा आवाज गेला. परंतु हिरवी तार काढल्यापासून पीटीटी न दाबताही रिगच्या खोक्यावरून बोट फिरवले की सूक्ष्म थरथर जाणवते. शेजारचा एक दिवा अजूनही १०० वॉटवर लागतो, २० वॉटवर लागत नाही.

फेज_न्यूट्रल :
पीटीटी न दाबता थरथर जाणवते, म्हणजे तिचा रेडिओ लहरींशी संबंध नाही. आपल्या सॉकेटचा अर्थ तुटलेला आहे. एसएमपीएस पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून खोक्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर खोके अधांतरी राहून पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. इतके दिवस ती गळती हिरवी तार वाहून नेत होती. वायरमन येईपर्यंत पॉवर सप्लायचा प्लग काढून ठेवावा. सॉकेटपासून मीटर बोर्डापर्यंतचा अर्थ त्याच्याकडून जोडून घ्यावा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसल्यास बसवून घ्यावी आणि नवा खड्डा मूळ अर्थिंगला जोडावा.

तारयंत्र :
आक्षेप रास्त आहे. उरलेल्या दिव्याबद्दल एक प्रश्न : अँटेनाचे दुसरे टोक कोठे बांधले आहे?

पश्चिमवारा :
शेजाऱ्यांच्या बाजूच्या कठड्याला, त्यांच्या खिडकीच्या बरोबर वर. तेवढी एकच जागा सोयीची होती.

तारयंत्र :
अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाला व्होल्टेज सर्वाधिक असते आणि टच पॅनेल बोटाच्या स्पर्शाने धारितेत होणारा बारीक बदल टिपते. त्या टोकाखाली ते पॅनेल फसणारच. टोक रस्त्याच्या बाजूला फिरवता आले तर आधी तेच करावे. पॅनेल भिंतीतले असल्याने तेथे फेराइट लावणे शेजाऱ्यांच्या संमतीशिवाय शक्य नाही. तोवर संध्याकाळी ४० मीटरवर २० वॉटवरच बोलावे. पुण्या-नाशिकच्या गप्पांना तेवढे पुरते.

पश्चिमवारा :
रस्त्याच्या बाजूला सोसायटीचा जुना टीव्ही अँटेनाचा पाइप रिकामा आहे, सचिवांना विचारून टोक तिकडे नेतो. वायरमन शनिवारी येणार आहे. मीटर बोर्डाच्या बसबारला (तारा जोडायच्या पट्टीला) अर्थाची किती जाडीची तार सांगावी?

फेज_न्यूट्रल :
आधी आतली फेजची तार किती जाडीची आहे ते कळवा.