केस इंटरव्ह्यू खरोखर निष्पक्ष असतो का?

आडवाट (धागाकर्ता):
मोठ्या सल्लागार कंपन्यांतील भरतीवर परवा येथे एक लेख आला. केस इंटरव्ह्यूइतकी, म्हणजे धंद्यातला एखादा प्रश्न समोर ठेवून तो उमेदवाराकडून तिथल्या तिथे सोडवून घेणाऱ्या मुलाखतीइतकी, निष्पक्ष परीक्षा दुसरी नाही आणि जे नापास होतात तेच तिच्या नावाने बोटे मोडतात, असे लेखकाचे म्हणणे आहे. मी ती परीक्षा उत्तीर्ण होऊन अशा एका कंपनीत नोकरी केलेली असल्यामुळे निदान हा आरोप मला लागू होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नफा घटला की उत्पन्न आणि खर्च अशा दोन फांद्या काढायच्या, उत्पन्नाची पुन्हा किंमत आणि विक्री अशी फोड करायची, हे सगळे घोटून घेता येते; आणि ते घोटून घेणारा ओळखीचा माणूस आधीच आत असला, तर उमेदवाराचे निम्मे काम तिथेच होते. शिवाय मुलाखतींसाठी कोणत्या महाविद्यालयांत जायचे, हे कंपनीने आधीच ठरवलेले असते. दारातच चाळणी लावून आत आलेल्यांना समान वागवण्याला निष्पक्षता म्हणायचे असेल, तर अशा निष्पक्षतेला दुरूनच नमस्कार.

पडताळणी:
पूर्णपणे असहमत. मी या मुलाखती घेते. पाठ केलेली चौकट लगेच कळते, कारण उमेदवार प्रश्न संपायच्या आधीच फांद्या काढू लागतो. दहा लाख वस्तीच्या शहरात वर्षाला किती चष्मे विकले जातील, असे मी एकाला विचारले होते. निम्मे लोक चष्मा वापरतात आणि सरासरी दोन वर्षांनी बदलतात, असे त्याने धरले, इथवर ठीक. भागाकारात एक शून्य जास्त पडले आणि उत्तर २५ लाख आले. तो पुढे बोलू लागला, मधेच थांबला, ‘माणसांपेक्षा चष्मे जास्त झाले’ असे स्वतःशीच म्हणाला आणि अडीच लाखांवर आला. त्याला मी घेतले. एकही चूक न करणाऱ्या कित्येकांना घेतलेले नाही. हे कोणता क्लास घोटून घेतो, ते आडवाट यांनी सांगावे.

कोरा कागद:
पडताळणी यांना दुजोरा देणारे संशोधनही आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली निवडपद्धतींवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ठरावीक आराखड्याने घेतलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली होती. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे नव्याने तपासले, तेव्हा तर ती यादीत सर्वांत वर आली.

आडवाट:
संशोधन शिरसावंद्य, पण त्यातल्या मुलाखतीत प्रत्येकाला तेच प्रश्न आणि गुणांची तीच मोजपट्टी असते. माझ्या अंतिम फेरीत पार्टनरने, म्हणजे कंपनीतल्या वरिष्ठ भागीदाराने, अर्धा वेळ स्वतःच्या मॅरेथॉनविषयी सांगितले, मी योग्य त्या ठिकाणी आश्चर्य व्यक्त केले आणि माझी निवड झाली. हे कोणत्या रकान्यात बसवायचे?

तिरकस रेघ:
मुलाखतीवर एवढा खल कशाला करता? खरी परीक्षा आत गेल्यावर टाइमशीटची, म्हणजे प्रकल्पावर किती तास काम केले त्याच्या नोंदीची असते. शीर्षक दोन ओळींत बसत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत डेक (क्लायंटला दाखवायच्या स्लाइड्सचा संच) दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी मात्र रोजचे आठच तास भरायचे, कारण ‘बजेट संपले आहे, समजून घे’ असे मॅनेजरने सांगितलेले असते. लेखी कधीच नाही, नेहमी फोनवर.

मुक्काम पोस्ट:
हे रडगाणे नेहमीचेच आहे. पगार खात्यात जमा होताना तासांचा हिशेब कोणी मागितला होता का? वर चढा नाहीतर बाहेर पडा, हा नियमही कोणी लपवलेला नाही. अमेरिकेतील क्रॅव्हाथ या वकिली फर्मच्या पद्धतीतून आलेला हा नियम मॅकिन्सी ही सल्लागार कंपनी गेल्या शतकाच्या मध्यापासून उघडपणे पाळते. ज्याला झेपत नाही त्याने राजीनामा द्यावा.

तिरकस रेघ:
आपण बहुधा मॅनेजर आहात, भाषा ओळखीची वाटते. मुद्दा कष्टांचा नसून खोट्या नोंदीचा आहे. न भरलेले तास कागदावर नसल्यामुळे प्रकल्प फायद्यात दिसतो; पुढच्या प्रस्तावात पार्टनर तोच आकडा धरून कमी माणसे आणि कमी आठवडे लिहितो, आणि पुढची टीम आणखी जागरणे करते. खरा खर्च कुठे होतो ते शोधा, असे क्लायंटला शिकवून त्याचे पैसे घेणाऱ्यांनी स्वतःचाच खर्च दडवावा, याची कोणालाच लाज वाटत नाही? आमच्या टीममधील एक मुलगी अतिकामाने आजारी पडली. तिने तक्रार केली तेव्हा एचआरने तिने स्वतः भरलेल्या टाइमशीट पुढे केल्या. त्यांनुसार ती आठवड्याला चाळीसच तास काम करत होती. आता तिलाही राजीनाम्याचा सल्ला द्या.

मुक्काम पोस्ट:
व्यक्तिगत होण्याचे कारण नव्हते. मी मॅनेजर होतो, आता नाही. टाइमशीटचा प्रकार आमच्याकडेही चालत असे, एवढे मान्य करतो. त्यावरून सगळ्या व्यवसायालाच चोर ठरवू नये.

पडताळणी:
धागा मुलाखतीविषयी होता, याची नम्र आठवण करून देते.

आडवाट:
भरकटला तेच बरे झाले. चष्म्यांपुरती माझी माघार. चुकलेले शून्य पकडणारा मुलगा हुशारच असणार, अगदी ओळख नसली तरी. पुढच्या उमेदवाराला मात्र एवढेच विचारा: टीम ४ जणांची, प्रकल्प ६ आठवड्यांचा, काम रोज १२ तास आणि नोंद ८ तासांची, तर किती तास गायब झाले?

पडताळणी:
४८०. शनिवार-रविवार धरायचे होते का, ते आपण प्रश्नात सांगितले नाही.