आईची हाडं: आठवड्याची गोळी की नाचणीची भाकरी?

दादरची_नीलू: आई ६८ वर्षांची. मोरीत घसरली, मनगट मोडलं. डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर उणे २.९ आला (उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ). डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम (हाडांची झीज रोखणारी गोळी) लिहून दिलंय. दादा म्हणतो, "त्याने जबडा सडतो, नाचणी-तीळ दे." मी गोळीच्या बाजूने. बोला.

चाळकरी: दादा बरोबर आहे. ही गोळी जुनं हाड खाणाऱ्या पेशींनाच गप्प करते. जुनं निघालंच नाही तर नवं बसणार कुठे? मांडीचं हाड मधोमध तडकल्याचं वाचलंय. आमची आजी गिरगावात तीन जिने चढायची, नव्वदीपर्यंत, दूध-भाकरीवर.

बोरिवली_स्लो: आजी कधी पडली नाही, हे तिचं नशीब. मांडीचं हाड तडकतं, पण क्वचित, तेही बहुधा बरीच वर्षं गोळी घेतल्यावर. म्हणून तर साधारण ५ वर्षांनी पुन्हा तपासून थांबायचं का ते ठरवतात. जबड्याचा त्रास मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांना, शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांना. दात काढायचा असेल तर आधी उरकून घ्या.

आणि नाचणी? १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. या वयात रोज हवं हजार-बाराशे. शिवाय पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं आणि हाड खाणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. दारात सिमेंटच्या गोणी रचून ठेवल्या, तरी आत भिंत पाडणारे थांबत नाहीत.

चाळकरी: मग ऊन? मुंबईत उन्हाला तोटा आहे?

बोरिवली_स्लो: अंगावर कुठे पडतं? खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने डी जीवनसत्त्व तयार होत नाही. डी नसलं की आतडं कॅल्शियम घेत नाही, रक्तातलं कमी पडतं, मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन ते हाडातून ओढून आणतं.

मुलुंडची_सून: डी पण मोजून हं. शेजारच्या काकूंनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याऐवजी रोज घेतली, दीड-दोन महिने. उलट्या, असंबद्ध बडबड, रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलेलं.

सासूबाईंचं तर दर ६ महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन, तेही हाडांची झीज रोखायलाच. लॉकडाऊनमध्ये ४ महिने लांबलं आणि दोन मणके दबले. ते असं मधेच सोडता येत नाही, हे आम्हाला आधी कोणी बोललं नव्हतं. त्यापेक्षा गोळी बरी. फक्त मूत्रपिंडं आणि अन्ननलिका ठीक आहेत ना, ते डॉक्टरांना विचारून घे.

दादरची_नीलू: गोळीपेक्षा तिची रीत अवघड! सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास ना आडवं व्हायचं ना चहा. आई म्हणते, "हाडं मोडली तरी चालतील, चहा नाही लांबवणार." शेवटी रविवार ठरला. दादा निदान मोरीत धरायला दांडी बसवून देतोय.

चाळकरी: दांडीला माझा पाठिंबा. गोळीला नाही.