अनुभव धागा : नवी एसयूव्ही आणि जुनी स्पोर्ट्स कार

दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवलेल्यांनी इथे मनमोकळं लिहावं. सुरुवात मी करते.

माझ्याकडे १९६६ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि रोजच्या वापराला नवी एसयूव्ही. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, त्यावर दोन कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे), मागच्या सस्पेन्शनला स्प्रिंगचे पाटे, आणि अख्खी गाडी टनाच्या आत. पिकअप, ब्रेक, आराम, कशातही ती एसयूव्हीच्या जवळपास येत नाही. तरी साठच्या वेगात तिच्यात जी मजा येते, ती एसयूव्हीत एकशेवीसलाही येत नाही. पॉवर स्टीअरिंग नसल्याने रस्त्याची खरखर थेट तळहाताला कळते. त्या काळच्या एमजीबीला पहिल्या गिअरचं सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रचना, नव्हतं. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलकी टिचकी द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर सरकवायचा. जमलं की दांडा लोण्यात गेल्यासारखा बसतो. त्या क्षणासाठी मी ही गाडी जपते.

---

माझा अनुभव पोर्शच्या जुन्या ९११ स्पोर्ट्स कारचा. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. वळणात वेग जास्त वाटला म्हणून अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला, तर पुढच्या चाकांवर भार येतो, मागची हलकी होतात आणि शेपूट बाहेर फिरते. तिथे सावरायला कोणी नाही. एसयूव्हीत ईएसपी ही गाडी घसरू न देणारी यंत्रणा नेमक्या चाकाला आपोआप ब्रेक लावते. ही सोय १९९५ला मर्सिडीजमध्ये आली. उंच, जड गाडीला तिची गरज अधिकच. मुलं मागे बसलेली असताना मी एसयूव्हीच काढतो, त्यावर माझ्या मनात वाद नाही.

---

आईचे गुडघे दुखतात. एसयूव्हीच्या सीटवर ती सरळ बसते. जुन्या गाडीत उतरायचं म्हणजे दोघांनी हात द्यायचे. आमच्या घरी निकाल लागलेला आहे.

---

मी स्वतः दुरुस्ती करतो. कार्ब्युरेटर आवाज ऐकून, प्लगचा रंग बघून लावता येतो. एसयूव्हीला आधी बिघाड वाचणारा स्कॅनर लागतो. पण जुन्या गाडीवाल्यांनी एक सांभाळावं : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप चिरतात. पेट्रोलचा वास आला की गाडी तिथेच बंद करा आणि पाइप बदला.

---

एसयूव्हीला नावं ठेवणाऱ्यांना एवढंच सांगेन की २००२ साली कायेन ही पोर्शची एसयूव्ही आली तेव्हा कंपनीचे चाहतेही चिडले होते. पुढे तिच्याच विक्रीने कंपनीला मोठा आधार दिला. ९११ आजही बनते, याचा मला तरी मनापासून आनंद आहे.

---

पावसात जुनी गाडी काढणाऱ्यांनी जरूर लिहा. अरुंद टायर, एबीएस नाही, काच सतत धुरकट. ब्रेक किती आधीपासून दाबायला लागता?