जवळच्याच माणसाने फसवलं आणि मंडळीत सगळे म्हणतात देवाची योजना आहे

केटरिंगवाला_नगर:
सलाम सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी आणि माझा पार्टनर एकाच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चचे, संडे स्कूलपासून बरोबर, माझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला तोच गॉडफादर म्हणून उभा होता. ९ वर्षं केटरिंग केलं दोघांनी. गेल्या लग्नसराईत त्याने ऑर्डरींचे अॅडव्हान्स स्वतःच्या खात्यावर घेतले, मोठी पातेली आणि शेगड्या परस्पर विकल्या, किराणावाल्याची उधारी मात्र माझ्या नावावर ठेवली. पतसंस्थेत बायकोचं सोनं तारण आहे ते अजून सुटलेलं नाही. आणि हा माणूस दर रविवारी क्वायरमध्ये गातो!

प्रार्थना सभेत मी विषय काढला तर मंडळीतले एक वडील (एल्डर) म्हणाले, योसेफालाही भावांनीच विकलं, देवाचा प्लॅन असतो, तू मोठा होशील, आता हे उकरून काढू नको. वर रोमकरांस ८:२८ ऐकवलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. माझा विश्वास गेलेला नाही, पण खरं सांगा, देवानेच हे घडवून आणलं का? आणि प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून भाकर आणि प्याला घेतात तेव्हा, त्याच्या शेजारून प्याला कसा घेऊ? दोन महिने मी घेतलेलाच नाही.

वाचक_संगमनेर:
भाऊ, मंडळीतल्या त्या वडिलांनी योसेफाचा शेवट सांगितला, मधलं सगळं गाळलं. योसेफ १७ वर्षांचा होता, चांदीच्या २० नाण्यांना विकला गेला, मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. म्हणजे १३ वर्षं गुलामी आणि तुरुंग. तुरुंगात त्याच्याबरोबर असलेल्या फारोच्या प्यालेबरदाराला त्याने स्पष्ट सांगितलेलं की बाहेर गेलास की माझं नाव काढ, मी इथे काही गुन्हा केलेला नाही. म्हणजे देवावर भरवसा ठेवणारा माणूस स्वतःची बाजूही मांडत होता, गप्प बसला नव्हता. तो प्यालेबरदार विसरला, त्यात आणखी २ वर्षं गेली.

आणि एक गोष्ट बघा. उत्पत्ती ३७ मध्ये खड्ड्यातल्या योसेफाचा एक शब्द नाही. तो काकुळतीला येऊन विनवत होता हे आपल्याला कळतं थेट ४२ व्या अध्यायात, तेही भावांच्याच तोंडून, इतकी वर्षं त्यांच्या कानातून ते गेलं नव्हतं. "तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं" असं तो ५० व्या अध्यायात म्हणतो. वाईटाला वाईटच म्हणतो तिथे. आणि हे बोलतो कोण, तर ज्याला विकलं तो. खड्ड्याच्या काठावर उभं राहून कुणी त्याला हे सांगत नव्हतं. भावांनी सांगितलं असतं तर कसं वाटलं असतं? मंडळीतले ते वडील तेच करतायत, हेतू चांगला असेल पण तेच.

जुनी_बाक:
बाळा, मी ७१ वर्षांची आहे, नातीकडून टाईप करून घेतेय. माझ्या सख्ख्या दिराने आमची जमीन नावावर करून घेतली होती, मी २ वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही, तुझं कळतंय मला. स्तोत्र ५५ वाच. सगळ्यांच्या कॅलेंडरवर त्यातलं २२ वं वचन असतं, आपला भार परमेश्वरावर टाक. पण त्याच्या आधी स्तोत्रकर्ता दावीद काय म्हणतो? शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू, माझा मित्र, आपण बरोबर देवाच्या घरी जात होतो! आणि १५ व्या वचनात तर तो त्यांना सरळ मरण मागतो. ते सगळं बोलून झाल्यावर भार टाक म्हणतो. मी पण देवाला दिराबद्दल काय काय बोलले ते नातीसमोर सांगत नाही. प्याला घे रे, तो काही त्याच्या घरचा नाही. येशूला धरून देणारा यहूदाही त्याच्याच मेजावर बसला होता.

साधा_विश्वासी:
१ करिंथ ६ वाचा. विश्वासणाऱ्याने भावाला कोर्टात खेचू नये. नुकसान सोसा, देव भरून देईल.

वकील_आहे_पण_चर्चला_जातो:
@साधा_विश्वासी त्याच अध्यायात ५ वं वचन पण आहे ना, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असं ते पत्र लिहिणारा पौल चिडून विचारतो. म्हणजे मंडळीने निवाडा करायचा आहे, विषय दाबायचा नाही. मत्तय १८ ची पण तीच वाट आहे, आधी एकांतात, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीपुढे. केटरिंगवाले भाऊ, लेखी अर्ज द्या पाळकांना, तारखेसकट. आणि पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे देव दाखवेल म्हणत बसून मुदत घालवू नका, बँक स्टेटमेंट आणि व्हॉट्सअॅप चॅट आत्ताच काढून ठेवा, पार्टनरशिपची नोंदणी होती का तेही जवळच्या वकिलाला दाखवा.

केडगाव_लाईन:
पंडिता रमाबाईंचं आठवलं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, पदरात लहान मनोरमा. पुढे १८८९ ला विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं तर १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळ बाजूला झालं, पालकांनी मुली काढून नेल्या. पण नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाईने शेकडो मुलींना आसरा दिला, कारण भूक काय असते ते तिने अंगावर काढलेलं. देवाचा हेतू म्हणतात तो हाच.

वाचक_संगमनेर:
@केडगाव_लाईन उदाहरण छान, पण जपून. आईवडील मेले ते पुढे रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन व्हावं म्हणून, असं मी तरी म्हणणार नाही. आणि शेवट कुठे गोड आहे? १९२१ ला मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्या शेवटपर्यंत करत होत्या. मला तर तोच भरवसा वाटतो, कारण न कळता काम चालू ठेवणं.

केडगाव_लाईन:
हो, मान्य. मी जरा घाईत जोडलं.

केटरिंगवाला_नगर:
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. काल रात्री स्तोत्र ५५ बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, १५ वं वचन आल्यावर ती म्हणाली हे खरंच बायबलमध्ये आहे? मग म्हणाली परत वाचा. बऱ्याच दिवसांनी हसलो आम्ही. आजी, रविवारचं बघतो, वचन देत नाही. पाळकांना अर्जाचा फोटो टाकलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. वकील साहेब, पार्टनरशिप तोंडीच होती, पण पातेल्यांची बिलं माझ्या नावावर आहेत, फिकी पडलीयत पण आकडे दिसतात, ती चालतील का?