पिल्लाची लस : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

घरी कारवानी (शिकारी कुत्र्याची देशी जात) पिल्लू आलंय, दीड महिन्याचं. शेतावरून आणलं, त्यामुळे कार्ड-बिर्ड काही नाही. ज्यांनी पिल्लं वाढवलीत त्यांनी सांगा. डॉक्टरांची नावं नकोत, अनुभव हवेत.

जुळे सोलापूर
पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांत. मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्या सुया कशाला? आमचा मोत्या भाकरीवर जगला." डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून सांगितलं : आईच्या दुधातून आलेली ताकद पिल्लाच्या अंगात असते, तोवर ती लशीलाही दाद देत नाही. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. सासूबाईंना पटलं. पुढची तारीख त्याच कॅलेंडरवर लिहायच्या, दुधाच्या हिशेबाशेजारी.

विजापूर रोड
आधीच्या भाडेकरूंचं पिल्लू पार्व्होनं (विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) गेलेलं, हे घरमालकांनी आम्ही राहायला आल्यावर सांगितलं! तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनेलला जुमानत नाही. फरशी आधी घासून स्वच्छ केली, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवलं. अंगणातल्या मातीचं काय करणार? डोस पूर्ण होईस्तोवर पिल्लू गच्चीवर. शेजारी हसले, हसू देत.

होटगी रोड
मे महिन्यात लस मेडिकलमधून घेऊन गाडीच्या डिकीत टाकू नका. तिला २ ते ८ अंश लागतात, आणि बर्फाला थेट चिकटून गोठली तरी वाया. दवाखान्यातल्या फ्रीजमधलीच टोचून घ्या. बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवलंय का ते बघा.

साखर पेठ
टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा बे! आमच्या पोरीचं तोंड पावासारखं टम्म फुगलं, डोळे दिसेनात. डॉक्टर समोरच होते, इंजेक्शन दिलं, सूज उतरली. एखादा दिवस मलूल राहणं वेगळं, त्याला घाबरायचं कारण नाही.

अक्कलकोट रोड
रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, वर्षानं बूस्टर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. ६ जुलैला, जागतिक झुनोसिस दिनी (झुनोसिस म्हणजे प्राण्यांपासून माणसांना होणारे आजार), बऱ्याच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ती मोफत देतात, आधी विचारून जा. आणि खेळताना पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर "घरचंच आहे" म्हणून हळद लावून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच माणसांच्या दवाखान्यात जा.

बाळे
जंताचं औषध राहिलं की सगळ्यांचं! लशीच्या आधी ते. आमच्याकडे पोट नगाऱ्यागत होतं, औषधानंतर काय काय पडलं ते जेवणाच्या वेळी लिहीत नाही.

धागाकर्ता
जंताचं आजच विचारतो. गच्ची आहे, पण पत्र्याची शेड तापते. दुपारी आत आणि संध्याकाळी वर, असं चालेल ना?