बाथरूमच्या छताला ओल, मेंटेनन्सवाले फक्त रंग मारून जातात. नेमकं काय मागायचं?

तिसरा_मजला

फ्लॅट भाड्याचा आहे. बाथरूमच्या छताला, कमोडच्या जवळजवळ वरच, तळहाताएवढा पिवळट डाग आहे. कडेने रंगाचे पोपडे सुटलेत. मेंटेनन्सचा माणूस दोनदा येऊन खरवडून, पुट्टी भरून रंग मारून गेला. दोन्ही वेळा महिन्याभरात डाग पुन्हा हजर. मॅनेजमेंट म्हणतं वरच्या फ्लॅटचा प्रश्न आहे, वरचे म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे, घरमालक म्हणतात मॅनेजमेंटला कळवा.

गळती कुठून आहे हे खालून, काही न फोडता कळतं का? आणि तक्रार कशी लिहिली तर ही टोलवाटोलवी थांबेल? शिवाय फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत बारीक धार चालू असते, ते काम कोणाचं?

पाना_आणि_पक्कड

बऱ्यापैकी कळतं. आजच डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. दर तीन-चार दिवसांनी नवी रेघ. डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे. नाही गेला तर जुनी ओल वाळते आहे किंवा गळती अधूनमधून होते.

मग वेळ टिपा. डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी ओला होतो यावरून जास्त कळतं, कारण पाणी स्लॅबच्या खालच्या अंगाने सरकत सरकत मीटर-दीड मीटर लांबही उतरू शकतं. कमोडच्या वर डाग म्हणजे वरच्यांचा कमोड गळतोय असं धरून चालू नका.

दिवसरात्र सारखीच ओल, पाणी स्वच्छ, वास नाही: दाबाची लाइन, म्हणजे नळाला पाणी आणणारा पाइप. वरच्यांना स्वतंत्र मीटर असेल तर त्यांनी सगळे नळ आणि टाक्यांचे कॉक बंद करून तासभर काटा बघावा. काटा हलला की शंका फिटली.

फक्त वर फ्लश केल्यावर ओल वाढते, वास येतो: कमोडच्या बुडाचा जॉइंट.

वर आंघोळ झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ठिबकतं: नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी वाहून जाण्याचा भाग) किंवा त्याच्या पाइपाचा जॉइंट.

आंघोळीनंतर काही तासांनी ओल येते आणि वरचे दोन-तीन दिवस गावाला गेले की कमी होते: फरशीच्या सांध्यांतून किंवा वॉटरप्रूफिंगमधून पाणी मुरतंय. सगळ्यांत खर्चिक प्रकार हाच, आणि म्हणूनच सगळे जण हा सोडून बाकी सगळं मान्य करतात.

फक्त पावसात: बाहेरची भिंत किंवा डक्ट, म्हणजे पाइप जातात ती उभी पोकळी. यात वरच्यांचा काही दोष नाही.

एक शक्यता राहिली. ती गळतीच नसेल, वाफ असेल. छतावर फुटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर वाफ थंड पृष्ठभागावर जमतेय, आतल्या बाजूला दिसले तर स्लॅबमधून ओल येतेय. वाफ निघाली तर एक्झॉस्टचा पंखा तपासा: चालू पंख्याच्या जाळीवर टिश्यू पेपर धरून सोडा. तो चिकटून राहिला नाही तर पंखा नुसता आवाज करतोय. तुमचा डाग पिवळट आणि कडा असलेला आहे, त्यामुळे वाफ मला कमी संभवते. वाफेने बहुधा काळे ठिपके येतात, तेही सगळ्या छतभर.

फ्लशचं सोपं आहे. टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर पाणी गळतंय हे नक्की. आता झाकण काढून आत बघा. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून आत पडत असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) वर बसलाय किंवा पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. पातळी नळीच्या तोंडाखाली दोन-तीन सेंटिमीटर हवी. पातळी बरोबर असूनही गळत असेल तर तळाचा रबरी पडदा गेलाय. टाकी भिंतीच्या आत असेल तर बटणाची प्लेट काढल्यावर हे सगळं तिथूनच दिसतं.

ऑफिसच्या_बाजूने

तक्रारीबद्दल मी लिहितो, इमारत व्यवस्थापनाच्या बाजूने.

रंगारी का आला? बहुतेक तक्रारीत "छतावर डाग" असा शब्द होता म्हणून. ऑफिसात तक्रार ज्या शब्दात नोंदली जाते त्याच शब्दावरून माणूस पाठवला जातो. डाग म्हटलं की रंगारी, गळती म्हटलं की प्लंबर. रंगाऱ्याने रंग मारला, फोटो काढला, तक्रार "पूर्ण" म्हणून बंद. त्याच्या दृष्टीने ती खरंच पूर्ण झाली. पुढच्या वेळी पुन्हा नवा नंबर, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दोन गोष्टी करा: लक्षण न लिहिता बिघाड लिहा, आणि काम झालं असं कधी मानायचं ते तुम्हीच लिहा.

नमुना:

"विषय: बाथरूमच्या स्लॅबमधून गळती, तिसरी तक्रार. आधीच्या तक्रारींचे नंबर: ___ आणि ___.
बाथरूमच्या छताला, दारापासून ___ सेंमी आणि डाव्या भिंतीपासून ___ सेंमी अंतरावर ओल आहे. ___ तारखेला डागाची रुंदी ___ सेंमी होती, आज ___ सेंमी आहे. वरच्या मजल्यावर आंघोळ झाल्यावर सुमारे ___ मिनिटांनी ओल वाढते. यापूर्वी ___ आणि ___ रोजी फक्त रंगकाम झाले, गळतीचा शोध घेतला गेला नाही.
विनंती: प्लंबर, वरील फ्लॅटधारक आणि आम्ही अशी एकत्र पाहणी ठेवावी. आम्हाला ___ किंवा ___ रोजी ___ ते ___ ही वेळ सोयीची आहे. गळतीचे ठिकाण निश्चित होऊन ते दुरुस्त होईपर्यंत रंगकाम करू नये व तक्रार बंद करू नये. सात दिवसांत दुरुस्ती व्हावी."

ईमेल घरमालकांनाही त्याच वेळी जाऊ द्या. वेगळा पाठवू नका, एकाच ईमेलमध्ये दोघांची नावं हवीत, म्हणजे "मला माहीत नव्हतं" हे वाक्य कोणालाच वापरता येत नाही. पुढची प्रत्येक आठवण त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवायची. फोनवर किंवा जिन्यात बोलणं झालं तर त्याच दिवशी दोन ओळी: "आज आपलं असं बोलणं झालं, अमुक दिवशी माणूस येईल असं ठरलं."

फोटो तीन पुरेत. एक दारातून, सगळं बाथरूम दिसेल असा. एक छताचा. एक डागाचा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. नुसता जवळचा फोटो कुठल्या घराचा, कुठल्या खोलीचा हे कोणाला कळत नाही.

फ्लशची तक्रार यात घालू नका. एका तक्रारीत दोन कामं असली की सोपं होतं आणि अवघड त्याच्यासोबत बंद होतं.

तिसरा_मजला

दोघांचेही आभार. वरच्यांच्या आंघोळीनंतर साधारण वीस मिनिटांत डाग गडद होतो, दोन दिवस लागोपाठ पाहिलं.

आणखी दोन शंका. डागापासून हातभर अंतरावर छताचा दिवा आहे, धोका कितपत? आणि कोणीच हललं नाही तर भाडं थांबवावं, की स्वतः काम करून घेऊन पैसे भाड्यातून कापावेत?

पाना_आणि_पक्कड

दिव्याचं आधी. त्या दिव्याचा एमसीबी (बोर्डातला त्या लाइनचा आपोआप पडणारा स्विच) पाडून ठेवा आणि बाथरूममध्ये सध्या चार्जिंगचा दिवा वापरा. दिवा मिणमिणतोय, कव्हरमध्ये पाणी दिसतंय किंवा बोर्डातला आरसीसीबी (वीज गळली की पडणारा सुरक्षा स्विच) अधूनमधून पडतोय, यांपैकी काहीही असेल तर वाट बघू नका, इलेक्ट्रिशियनला तातडीने बोलवायला सांगा. आरसीसीबी साधारणपणे ३० मिलीअँपिअरच्या वीजगळतीला पडतो. तो पडतोय म्हणजे पाणी बहुधा वायरीपर्यंत पोचलंय. पुन्हा पुन्हा वर करून बघण्याची ती वस्तू नाही. एमसीबीचं कारण वेगळं असतं, तो जास्त भार किंवा शॉर्टमुळे पडतो. तक्रारीत दोन्हींपैकी कोणता पडला ते लिहा, येणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

वीस मिनिटं म्हणजे माझा संशय नहाणी ट्रॅपवर. पण सिद्ध करायला चाचणीचा क्रम पाळा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. ट्रॅप बंद करून फरशीवर पाणी साठवायची चाचणी सगळ्यांना माहीत असते. पण ट्रॅपच बंद केला तर ट्रॅपची आणि त्याखालच्या पाइपाची चाचणी होतच नाही! फरशी पास होते आणि वरचे म्हणतात, बघा, आमचं काही नाही.

म्हणून पहिल्यांदा फरशी कोरडी ठेवून नरसाळ्याने किंवा नळीने थेट ट्रॅपमध्ये दोन-तीन बादल्या पाणी सोडा. खाली एक जण टॉर्च घेऊन अर्धा तास बघेल. ओल आली तर ट्रॅप किंवा त्याचा पाइप, चाचणी तिथेच संपली. नाही आली तर दुसऱ्या दिवशी चार-पाच वेळा फ्लश, पुन्हा अर्धा तास. तरी कोरडं राहिलं तरच ट्रॅप बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, उंबऱ्यापेक्षा खाली. भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास ठेवा. पाण्यात रंग घालायला हरकत नाही, पण खाली रंग दिसला नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. भरावातून (फरशी आणि स्लॅबच्या मधे भरलेल्या थरातून) आणि प्लॅस्टरमधून झिरपताना रंग वाटेतच राहू शकतो.

ऑफिसवाल्यांनी दिलेल्या पत्राच्या नमुन्यातली एक गोष्ट मात्र मी बदलेन. सात दिवसांत दुरुस्ती मागू नका. ट्रॅप बदलायचा झाला तर फरशी फोडणं, जॉइंट करणं, वॉटरप्रूफिंगचे थर, ते वाळणं, पुन्हा पाणी साठवून तपासणं, मग फरशी. एवढं सात दिवसांत उरकलं तर कुठला तरी टप्पा गाळलाय असं समजा. पाहणीला तीन दिवसांची मुदत मागा आणि पाहणीच्या दिवशीच दुरुस्तीची तारीख लेखी घ्या.

ऑफिसच्या_बाजूने

हे बरोबर आहे, नमुन्यातलं शेवटचं वाक्य तसं बदला. पाळता येणार नाही अशी मुदत दिली की ऑफिस पूर्ण पत्रच बाजूला ठेवतं.

करार_आधी_वाचा

भाड्याबद्दल: स्वतःहून थांबवू नका. दुरुस्ती झाली नाही म्हणून भाडं अडवता येतं की नाही, किती, कोणत्या पद्धतीने, हे जागोजागच्या कायद्यावर अवलंबून असतं. आणि बऱ्याच ठिकाणी भाडं थकवणं हेच घर खाली करायला लावण्याचं कारण होऊ शकतं. तुमची बाजू बरोबर असूनही तुम्हीच थकबाकीदार ठरता.

पैसे कापून घेण्याचंही तसंच. घरमालकांची लेखी संमती आधी हवी, आणि त्या संमतीत कोणतं काम, जास्तीत जास्त किती रक्कम आणि कोणत्या महिन्याच्या भाड्यातून, या तिन्ही गोष्टी हव्यात. "करून घ्या, बघू नंतर" याला संमती म्हणत नाहीत. तुमच्या या कामात तर तो प्रश्नच येत नाही, कारण दुरुस्ती दुसऱ्याच्या घरात व्हायची आहे. तिथे तुम्ही प्लंबर पाठवू शकत नाही.

मॅनेजमेंटशी करार बहुधा घरमालकांचा असतो, तुमचा नाही. म्हणून पत्र मॅनेजमेंटला असलं तरी पाठपुरावा घरमालकांकडे करायचा. ते मालक या नात्याने वरच्या फ्लॅटच्या मालकांना लिहू शकतात. वर भाडेकरू राहत असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण फरशी फोडायची परवानगी ते देऊच शकत नाहीत.

फ्लशसाठी करारातलं "किरकोळ दुरुस्ती" हे कलम बघा. बऱ्याच करारांत ठरावीक रकमेखालची कामं भाडेकरूकडे असतात. कलमच नसेल तर वापराने झिजलेला भाग मालकाचा आणि तुमच्या हातून तुटलेला तुमचा, असं बोलून ठरवा आणि ते लिहून ठेवा. रबरी पडदा हा झिजणाराच भाग आहे. जुना भाग फेकू नका, फोटो काढून ठेवा.

छताचे फोटो घर सोडताना अनामत परत घेतानाही लागतील. तारखेसह सांभाळा.

तिसरा_मजला

वरचे शनिवारी चाचणीला तयार झालेत, मॅनेजमेंटचा प्लंबरही येतोय. ट्रॅपच निघाला आणि दुरुस्त झाला तर रंग कधी मारू द्यायचा? फ्लशचा पडदा मीच बदलणार आहे, पण टाकीच्या बाजूचा अँगल कॉक (टाकीचं पाणी बंद करायचा छोटा कॉक) फिरतच नाहीये.

पाना_आणि_पक्कड

रंग लगेच नाही. बाथरूमची फरशी भरावावर बसवलेली असेल तर भरावातलं साठलेलं पाणी दुरुस्तीनंतरही काही दिवस उतरत राहतं. त्याने घाबरून "काम फसलं" असं लिहून टाकू नका, पेन्सिलीच्या रेघा चालू ठेवा. डाग वाढायचा थांबला की सुटलेलं प्लॅस्टर आणि पोपडे काढून टाकायला सांगा आणि छत उघडंच ठेवा. पांढरे क्षार वर येतील, ते कोरड्या ब्रशने झाडायचे. ओल्या फडक्याने पुसले तर विरघळून परत आत जातात. काही आठवडे लागतील. शेवटी प्लास्टिक चिकटवायची तीच चाचणी एक दिवस करा. प्लास्टिकच्या आत थेंब नाहीत म्हणजे प्राइमर आणि रंग चालेल.

अँगल कॉकवर जोर करू नका. वर्षानुवर्षं न फिरवलेल्या कॉकची दांडी तुटते किंवा ग्लँडमधून, म्हणजे दांडीभोवतीच्या पॅकिंगमधून, पाणी सुरू होतं, आणि मग तो बंद करायला मेन कॉकच लागतो. तेव्हा आधी फ्लॅटचा मेन कॉक शोधा, तो पूर्ण बंद होतो का ते नळ उघडून बघा. तोही अडकलेला असेल तर आजच मॅनेजमेंटला वेगळी तक्रार टाका, कारण पाइप फुटला त्या रात्री तुम्हाला हाच कॉक लागणार आहे. मेन बंद झाला तर टाकी फ्लश करून रिकामी करा, पडदा बदला, आणि शनिवारी प्लंबर आलेलाच असेल तर अँगल कॉकही बदलून घ्या. नेहमीचा माप अर्धा इंच. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सुटून येते.